अर्कम हॉररचा पहिला डेक: सांगलीच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी विश्रामबागेत आमच्याकडे टेबल लागतं. नवीन माणूस आला की नियम तासाभरात समजतात. गाडी अडते ती डेक, म्हणजे आपण खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा, बांधताना. समोर दोन-अडीचशे पत्ते पसरलेले, त्यातले तीस निवडायचे आणि प्रत्येक पत्ता 'मला घ्या' म्हणतोय, अशी अवस्था होते. तेव्हा जे प्रश्न हमखास येतात, ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत.

हा खेळ मेंढीकोट-रमीसारखाच का?

नाही. पत्ते पिसायचे, हातात धरायचे, एवढंच साम्य. 'अर्कम हॉरर: द कार्ड गेम' हा फँटसी फ्लाइट गेम्सने २०१६ साली काढलेला सहकारी खेळ आहे. रचना नेट फ्रेंच आणि मॅथ्यू न्यूमन यांची. १९२०च्या दशकातलं अर्कम हे काल्पनिक गाव, तिथे चाललेले अघोरी प्रकार, आणि आपण सगळे त्याचा छडा लावणारे इन्व्हेस्टिगेटर. कुणी कुणाविरुद्ध नाही. सगळे मिळून खेळाशी झुंजायचं. मेंढीकोटात भिडूला नुसता डोळा मारला तरी समोरचे ओरडतात. इथे 'माझ्याकडे हा पत्ता आहे, टाकू का?' असं उघड विचारायचं असतं. जुन्या पत्तेबहाद्दरांना हे पचायला जरा वेळ लागतो.

कोणती पेटी घेऊ?

२०२१ साली आलेला सुधारित कोअर सेट, म्हणजे खेळाची मूळ पेटी. त्यात एक ते चार जण खेळू शकतात आणि खेळाडूंच्या पत्त्यांच्या दोन-दोन प्रती मिळतात. आधीच्या कोअर सेटमध्ये बऱ्याच पत्त्यांची एकेकच प्रत होती, त्यामुळे लोक दोन पेट्या घ्यायचे. सांगलीत कुणी जुनी पेटी स्वस्तात देत असेल तर घेण्याआधी एवढं विचारून घ्या.

पेटीतले पाच जण कोण? मी कोणाला घेऊ?

पाच जण, पाच वर्ग: रोलँड बँक्स गार्डियन आहे, डेझी वॉकर सीकर, 'स्किड्स' ओ'टूल रोग, अ‍ॅग्नेस बेकर मिस्टिक आणि वेंडी अ‍ॅडम्स सर्व्हायव्हर. पहिल्यांदा खेळत असाल तर रोलँड. दुसरं माणूस असेल तर त्याला डेझी.

स्किड्सचा हट्ट धरणारा एकजण प्रत्येक टेबलावर असतो. दोन रिसोर्स (खेळातले पैसे) देऊन जादा अ‍ॅक्शन, म्हणजे जादा चाल, मिळते हे वाचलं की डोळे चमकतात. पण ते दोन रिसोर्स आणायचे कुठून, हा प्रश्न दुसऱ्याच फेरीत पडतो. त्याला दुसऱ्या मोहिमेसाठी (मोहीम म्हणजे ओळीने खेळायच्या प्रसंगांची मालिका) राखून ठेवा.

डेकमध्ये नेमके किती पत्ते?

तुमच्या निवडीचे ३०. त्याशिवाय इन्व्हेस्टिगेटरचा खास पत्ता, त्याची खास वीकनेस (आपल्यालाच त्रास देणारा पत्ता) आणि न बघता ओढलेली एक साधी वीकनेस. कोअर सेटमधल्या रोलँडचे एकूण ३३ होतात. एका नावाच्या पत्त्याच्या जास्तीत जास्त दोन प्रती. सुरुवातीला सगळे पत्ते शून्य लेव्हलचे घ्यायचे. रोलँडला पुढे गार्डियन आणि न्यूट्रल (कोणत्याच वर्गाचे नसलेले) पत्ते पाचव्या लेव्हलपर्यंत चालतात, सीकरचे मात्र दुसऱ्या लेव्हलपर्यंतच. ज्याची-त्याची ही मुभा इन्व्हेस्टिगेटर कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेली असते. ती बाजू कुणी वाचत नाही आणि मग विचारतात.

निवडायला सुरुवात कुठून करू?

पत्त्यांपासून करू नका, कामापासून करा. या खेळात मुख्य कामं दोनच: क्लू गोळा करणे आणि शत्रूला आवरणे. तुमचा माणूस यातलं कोणतं करणार हे आधी ठरवा आणि शक्यतो मोठ्याने टेबलावर सांगा. 'मी मारणार, तू शोध' एवढं बोलणं झालं की निम्मा डेक तिथेच बांधून होतो.

मग इन्व्हेस्टिगेटर कार्डावरचे चार आकडे बघा: विलपॉवर, इंटेलेक्ट, कॉम्बॅट, अ‍ॅजिलिटी. रोलँडचे आहेत ३, ३, ४, २. म्हणजे कॉम्बॅट चांगला, इंटेलेक्ट बरा, पळापळ वाईट. त्याचा डेक त्याच्या ४ला वर नेणारा हवा, २ला सावरणारा नको. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. अ‍ॅजिलिटी कमी आहे ना, मग अ‍ॅजिलिटीचे पत्ते भरू! भरून काय होतं, तर २चे ३ होतात आणि ३ पण कमीच पडतात. कच्ची बाजू सोडून द्या, ती शेजारच्याला सांभाळू द्या. सहकारी खेळ आहे तो त्यासाठीच.

'वर नेणं' म्हणजे किती वर? काही आकडा आहे का?

आहे, आणि डेक बांधताना हाच एक आकडा डोक्यात ठेवायचा: परीक्षेच्या आकड्यापेक्षा दोनने वर.

प्रत्येक परीक्षेत (शोधताना, लढताना, निसटताना) पिशवीतून एक टोकन काढायचं आणि ते आपल्या आकड्यात मिळवायचं. बेरीज परीक्षेच्या आकड्याएवढी किंवा जास्त झाली की पास. कोअर सेटच्या मोहिमेत स्टँडर्ड पातळीवर पिशवीत १६ टोकन असतात: +१ एक, ० दोन, -१ तीन, -२ दोन, -३ एक, -४ एक, दोन कवट्या, एक कल्टिस्ट, एक टॅबलेट, आपोआप नापास करणारं एक आणि आपल्या फायद्याचं एल्डर साइन एक. पहिल्या प्रसंगात कल्टिस्ट -१ आणि टॅबलेट -२ धरतात, आणि कवटी म्हणजे तुमच्या जागेवर जितके घूल (एक प्रकारचे शत्रू) तितके उणे.

आता जागेवर घूल नाही असं धरून मोजा. तुमचा आकडा परीक्षेच्या बरोबरीचा असेल तर १६पैकी ६ टोकनं तारतात. एकने वर असाल तर १०. दोनने वर असाल तर १३. तीनने वर गेलात तरी १४च. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांना प्रत्येकी तीन-चार टोकनांचा फायदा आहे, तिसरीला जेमतेम एकाचा. दोनवर थांबा आणि उरलेले पत्ते पुढच्या परीक्षेला ठेवा.

घरातली लहान मुलं बसणार असतील तर ईझी पातळी लावा. तिथे -३ आणि -४ नसतात. बरोबरीच्या आकड्यालाच १६पैकी ८ तारतात, आणि दोनने वर गेलात तर एक सोडून सगळी.

रोलँडचा तयार डेक सांगा ना.

सांगतो, पण प्रत्येक पत्ता का घेतला ते वाचूनच उचला. सगळे कोअर सेटमधले आहेत आणि सगळ्यांच्या दोन-दोन प्रती.

आधी शस्त्रं. .४५ ऑटोमॅटिक आणि मॅशेटी. ऑटोमॅटिक ४ रिसोर्सची, कॉम्बॅट एकने वाढतो, डॅमेज एक जादा, पण गोळ्या चारच. मॅशेटी ३ची, तिलाही कॉम्बॅट एकने वाढतो, आणि तुम्हाला भिडलेला तो एकटाच शत्रू असेल तर जादा डॅमेज मिळतं. गोळ्या संपायचा प्रश्न नाही. दोघांतून एकच निवडायची वेळ आली तर मी मॅशेटी घेईन. रोलँडची स्वतःची .३८ स्पेशल धरून डेकमध्ये पाच शस्त्रं झाली.

पाच कशाला, असं विचारतात. सुरुवातीला पाच पत्ते हातात येतात आणि नको असलेले एकदा बदलता येतात. पाच शस्त्रं असतील आणि शस्त्र न मिळाल्यास सगळा हात बदललात, तर शंभरात साधारण ८८ वेळा पहिल्या फेरीआधी हातात काहीतरी असतं. तीनच शस्त्रं ठेवलीत तर ७०. शस्त्र नसलेला रोलँड म्हणजे नुसता टाय लावलेला माणूस.

साथीदारांत बीट कॉप आणि गार्ड डॉग. साथीदाराची जागा एकच असते, मग चार कशाला? कारण ते मार झेलून मरतात. रोलँडची हेल्थ ९ पण सॅनिटी, म्हणजे मनाची ताकद, फक्त ५. बीट कॉप कॉम्बॅट एकने वाढवतो आणि दोन हॉरर (सॅनिटीवरचे घाव) स्वतःवर घेऊ शकतो. कुत्र्याला शत्रूच्या हल्ल्यात डॅमेज झालं की तो उलटा चावतो. आमच्या टेबलावर बीट कॉप मेला तर कुणाला फरक पडत नाही, कुत्रा मेला की हळहळतात.

क्लूसाठी मॅग्निफाइंग ग्लास, फ्लॅशलाइट, वर्किंग अ हंच, एव्हिडन्स! आणि डिडक्शन. रोलँडची खासियत अशी की शत्रूला संपवलं की त्या जागेवरचा एक क्लू आपोआप मिळतो, फेरीत एकदा. त्यावर एव्हिडन्स! टाकलात की दुसरा. एका घावात शत्रूही गेला आणि दोन क्लूही आले, तेही एकही शोध न घेता. कमी इंटेलेक्टच्या माणसाने क्लू असे काढायचे. भिंग आणि फ्लॅशलाइट दोन्ही एका हाताचे, शस्त्रंही एका हाताची, त्यामुळे एका हातात शस्त्र आणि दुसऱ्यात भिंग अशी मांडणी बसते.

मग व्हिशस ब्लो, ओव्हरपॉवर, गट्स, परसेप्शन आणि अनएक्स्पेक्टेड करेज. हे स्किल पत्ते. टाकायला रिसोर्स लागत नाहीत, परीक्षेत नुसते जोडायचे. ओव्हरपॉवर, गट्स आणि परसेप्शन जोडून पास झालात तर बदल्यात एक पत्ताही ओढायला मिळतो. डिडक्शन धरून असे फुकटचे पत्ते १२ होतात. शेवटी इमर्जन्सी कॅश: शून्य खर्च, तीन रिसोर्स. झाले तीस.

डायनामाइट ब्लास्ट का नाही? पाच रिसोर्स लागतात, आणि तुमचा भिडू त्याच जागेवर असेल तर तोही भाजतो. फर्स्ट एड का नाही? अ‍ॅक्शन खर्चून एकेक जखम पुसण्यापेक्षा जखम करणाऱ्याला आधी आडवा करा.

एकेकच प्रत घेऊन जास्त प्रकारचे पत्ते ठेवले तर?

पहिल्या डेकला नको. तीस वेगवेगळे पत्ते म्हणजे हातात काय येईल याचा काहीच भरवसा नाही. दोन-दोन घ्या.

रिसोर्स सारखे संपतात. काय करू?

सुरुवातीला पाच मिळतात, नंतर फेरीला एक. यावर संसार करायचाय. पहिल्या फेरीत ऑटोमॅटिक मांडली की हातात एक उरतो आणि मग बीट कॉप हातात धरून बसावं लागतं. म्हणून डेक बांधताना ३ आणि ४ रिसोर्सच्या पत्त्यांची वेगळी चळत करा. वरच्या डेकमध्ये असे आठ आहेत, .३८ धरून नऊ. त्याच्या वर गेलात तर डेक जड होतो. एक अ‍ॅक्शन देऊन एक रिसोर्स घेता येतो, पण फेरीला अ‍ॅक्शन तीनच. त्यातली रोज एक पैशापायी घालवायची म्हणजे तीन दिवसांच्या हजेरीत एक खाडा.

वीकनेस काढून टाकली तर चालेल का? घरीच तर खेळतोय.

चालेल हो, पोलीस येणार नाहीत. पण मजा जाते. रोलँडच्या कव्हर अपवर तीन क्लू येऊन बसतात. तुम्हाला मिळणारे क्लू घ्यायच्या ऐवजी त्यावरचे काढत राहायचे. प्रसंग संपेपर्यंत त्यावर एक जरी उरला तर एक मानसिक ट्रॉमा कायमचा मागे लागतो, आणि सॅनिटी पाचच असलेल्या माणसाला तो महाग पडतो. म्हणून कव्हर अप आलं की ती जबाबदारी पूर्ण टेबलाची: सोपी जागा रोलँडला सोडा, त्याला तिथे तीन क्लू जिरवू द्या.

साध्या वीकनेसमध्ये पॅरानोइया सगळे रिसोर्स घालवते, अ‍ॅम्नेशिया एक पत्ता सोडून सगळा हात. दोन्हींवर उतारा एकच: पत्ते आणि पैसे साठवून ठेवू नका, वापरत राहा. सुरुवातीच्या पाच पत्त्यांत वीकनेस आली तर ती बाजूला ठेवून दुसरा पत्ता घ्यायचा आणि नंतर ती डेकमध्ये पिसायची. ही एक सवलत आहे.

डेझीचा डेक याच पद्धतीने बांधायचा का?

पद्धत तीच, काम वेगळं. इंटेलेक्ट ५, कॉम्बॅट २, हेल्थ ५, सॅनिटी ९. तिला फेरीत एक जादा अ‍ॅक्शन मिळते, पण फक्त टोम म्हणजे ग्रंथांच्या पत्त्यांसाठी. म्हणून ओल्ड बुक ऑफ लोअर दोन, आणि ते डेकमधून शोधून आणणारी रिसर्च लायब्रेरियनही दोन. डॉ. मिलान क्रिस्टोफर आला की तिची पैशाची काळजी मिटते: इंटेलेक्ट एकने वाढतो आणि शोध यशस्वी झाला की एक रिसोर्स. मिस्टिकचे पत्ते तिला दुसऱ्या लेव्हलपर्यंत चालतात. त्यातला वॉर्ड ऑफ प्रोटेक्शन घ्याच. एक हॉरर सोसून एखादा वाईट ट्रेचरी (खेळाने आपल्यावर टाकलेलं संकट) पत्ता रद्द होतो, आणि हॉरर सोसायला तिच्याकडे भरपूर सॅनिटी आहे.

तिला शस्त्र देऊ नका. चाकू हातात दिला तरी २चे ३च होतात. अगदी गळ्याशी आलं तर माइंड ओव्हर मॅटर: त्या फेरीपुरतं इंटेलेक्ट कॉम्बॅट आणि अ‍ॅजिलिटीच्या जागी वापरता येतं.

आम्ही दोघं आहोत, पेटी एकच. पत्ते पुरतील?

डेक आधी एकत्र बसून वाटले तर पुरतील. रोलँड आणि डेझी ही जोडी चांगली, पण दोघांची नजर सीकरच्या त्याच पत्त्यांवर असते. अशा वेळी भिंग आणि डिडक्शन डेझीला द्या. रोलँडने त्याऐवजी डॉज आणि फिजिकल ट्रेनिंग घ्यावं. न्यूट्रल पत्त्यांतही ओढाताण होते. आमच्याकडे नियम असा आहे की ज्याचा आकडा मोठा, त्याला त्या आकड्याचा पत्ता: परसेप्शन डेझीला, ओव्हरपॉवर रोलँडला. फ्लॅशलाइटवरून नवरा-बायकोत वाद झालेला पाहिला आहे, म्हणून आधीच सांगतो, फ्लॅशलाइट रोलँडला. डेझीला तिची तितकी गरज नाही.

वाटपाची कटकटच नको असेल तर रोलँडसोबत वेंडी घ्या. दोघांचे वर्ग कुठेच एकमेकांत येत नाहीत. फक्त वेंडीचा कॉम्बॅट १ आहे, तिने लढायचं नाही. अ‍ॅजिलिटी ४ आहे, तिने निसटायचं.

घरच्यांना इंग्रजी पत्ते वाचायला जड जातं.

पत्ते इंग्रजीत आहेत, आणि मजकूर बराच आहे, हे खरं. पण डेक बांधून हातात दिला की तीसातले १२ स्किल पत्ते चिन्हांवरच चालतात: मूठ म्हणजे कॉम्बॅट, पुस्तक म्हणजे इंटेलेक्ट. बाकीच्या नऊ प्रकारांना मराठीत एकेक ओळीचा कागद करून द्या. माझ्या मावशीला असा कागद करून दिला होता. जन्मभर पत्ते खेळलेली बाई. दोन फेऱ्यांत तिने कागद बाजूला सारला आणि 'तुझ्याकडे मूठ आहे ना, मग टाक की, कशाला दाबून ठेवतोस' म्हणून मलाच झापलं. एकाच जागेवर असलेला भिडू तुमच्या परीक्षेत एक पत्ता जोडू शकतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

पत्त्यांना स्लीव्ह लागतातच का?

सांगलीत लागतात. टेबलावर भडंग येणारच, आणि भडंगाचं तेल कागदावर गेलं की तो डाग जन्माचा. तो डाग वीकनेसच्या पाठीवर पडला तर पुढे प्रत्येक वेळी ती डेकवर आली की आधीच ओळखू येते आणि सगळी गंमत संपते. पत्त्यांचं माप ६३.५ × ८८ मिलिमीटर. सगळ्या पेटीला नको, खेळात असलेल्या डेकना पुरे, पण एका डेकला एकाच रंगाच्या घ्या. भडंग चमच्याने खा, हा आमचा घरचा नियम.

पावसाळ्यात पत्ते दमट होऊन वाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सगळे घरीच असतात, आणि मोहिमा खऱ्या तेव्हाच पार पडतात. त्या दिवसांत डेक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

डेक बांधायचाच नाही, तयार मिळेल का?

मिळतो. २०२० साली पाच तयार स्टार्टर डेक आले: नेथॅनियल चो, हार्वी वॉल्टर्स, विनिफ्रेड हॅबमॉक, जॅकलीन फाइन आणि स्टेला क्लार्क. एकेक डेक एकेका वर्गाचा, आणि अनुभवाने वाढवायचे पत्तेही त्यातच. चोच्या डेकमध्ये मारामारी सोडून दुसरं काही नाही, त्यामुळे 'एक काम नीट' म्हणजे काय हे बघायला तो उत्तम. मात्र प्रसंग खेळायला कोअर सेट लागतोच.

हरलो तर मोहीम पहिल्यापासून?

नाही. बहुतेक वेळा हरल्याचे परिणाम नोंदवून पुढच्या प्रसंगाला जायचं. कोअर सेटची मोहीम तीन प्रसंगांची आहे. पहिल्यात नवीन टेबल बऱ्याचदा आपटतं, त्यात विशेष काही नाही.

पहिल्या प्रसंगानंतर डेकमध्ये काय बदलू?

मिळालेले अनुभव गुण मोजा. पत्त्याची लेव्हल तेवढे गुण लागतात. त्याच पत्त्याची वरची प्रत घेतलीत तर फक्त फरक भरायचा. शून्य लेव्हलचा पत्ता बदलायलाही एक गुण जातो, म्हणून 'हा जरा बरा वाटतोय' एवढ्यावर अदलाबदल करू नका. जो पत्ता पूर्ण प्रसंगभर हातात पडून राहिला, तो आधी काढा.

रोलँडसाठी माझा क्रम असा: ऑटोमॅटिकच्या गोळ्या संपत असतील तर पहिल्या लेव्हलचा एक्स्ट्रा अ‍ॅम्युनिशन, त्याने तीन गोळ्या मिळतात. मग बीट कॉपची दुसऱ्या लेव्हलची प्रत, दोन गुणांत. तो स्वतः थोडा मार खाऊन शत्रूला मारतो, आणि साध्या प्रतीसारखा एका वापरात टेबलावरून जात नाही. शॉटगन चौथ्या लेव्हलची आहे. ती बघून सगळेच गुण साठवत बसतात. मोहीम तीनच प्रसंगांची असताना शॉटगन तिसऱ्या प्रसंगात हातात येईल की नाही याची खात्री नसते, त्यामुळे गुण मिळतील तसे खर्च करा.